उघडं कार्ड

“मास्तरीणबाईची कोपी व्हय? ती काय, निळं प्लास्टिक टाकल्याली,” म्हातारीने हातातल्या काडीने दाखवले आणि तोंडाला पदर लावून ती हसली.

भिंगारदिवे गुरुजींना ‘मास्तरीणबाई’ हा शब्द ऐकून बरे वाटले. पहाटेच्या गाडीने ते पाथर्डीहून निघाले होते. नगरला गाडी बदलली, राहुरी, शिर्डी मागे टाकत कोपरगाव गाठले आणि तिथून साखर कारखान्याकडे निघालेल्या एका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसून ते इथवर आले. कारखान्यामागच्या माळावर ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या, वाळल्या उसपात्यांच्या, कोप्या दाटीवाटीने उभ्या होत्या. भर दुपार असल्याने वस्तीत म्हाताऱ्या, तान्ही मुले आणि कुत्री एवढेच काय ते मागे राहिले होते. बाकी सगळे उसाच्या फडात.

अजून परीक्षाही झालेली नाही, आणि वस्तीने आपल्या चांगुणाला मास्तरीण करूनही टाकले, असे गुरुजींच्या मनात आले. खांद्यावरच्या शबनम पिशवीत तिचा परीक्षेचा अर्ज होता. नाव, गाव, नोंदणी क्रमांक, विषय, सगळे गुरुजींनी आपल्या अक्षरात भरून आणले होते. फक्त सहीची चौकट कोरी होती. जानेवारी संपायला चार दिवस उरले होते आणि महिन्याअखेर अर्ज पाठवला नाही तर तिचे वर्ष बुडणार होते.

“फडातून कधी येतील?” त्यांनी विचारले.

“दिस कलल्यावर. बसा की. तुमी कोन म्हनायचे?”

“मी तिचा शिक्षक. पाथर्डीहून आलोय.”

म्हातारीचे हसू एकदम थांबले. तिने गुरुजींना टोपीपासून वहाणांपर्यंत नीट पाहून घेतले आणि चुलीवर कोरा चहा ठेवायला उठली. तिचे नाव रंगुबाई. टोळीतल्या नऊ-दहा लेकरांना दिवसभर सांभाळणे हे तिचे काम.

गुरुजींचे नाव रंभाजी. छत्तीस वर्षे त्यांनी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुले शिकवली आणि निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून पाथर्डीच्या कॉलेजातल्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रावर ते रविवारी जाऊ लागले. ज्यांची शाळा सुटली, ज्यांची लग्ने झाली, नोकऱ्या लागल्या, अशा मोठ्या माणसांना तिथे घरी बसून शिकता येत असे. पुस्तके टपालाने यायची, गृहपाठ घरी लिहायचे, महिन्यातून दोन रविवार केंद्रावर यायचे आणि मे महिन्यात परीक्षा. दहावी-बारावी न झालेल्यांसाठी आधी एक पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. तो उत्तीर्ण झाला की कॉलेजचे दार उघडे.

दार उघडे होते, पण आत आलेली माणसे टिकत नव्हती. जूनमध्ये साठ नावे नोंदली जायची आणि दिवाळीनंतर वर्गात बारा डोकी दिसायची. केंद्रप्रमुख सर चांगले होते, पण त्यांचे म्हणणे असे, की विद्यार्थी अडचण घेऊन आला तर आपण मार्गदर्शन करायचे, आपण होऊन कोणाच्या मागे लागायचे नाही. ही काही बालवाडी नव्हे. गुरुजींना हे पटत नव्हते. अडचणीत सापडलेला माणूस सांगायला येत नाही, तो यायचाच बंद होतो, हे त्यांनी छत्तीस वर्षे पाहिले होते. म्हणून त्यांनी एक वही घातली. प्रत्येकाला एक पान. कोण एसटीत कंडक्टर आहे आणि त्याची पाळी कधी असते, कोणत्या अंगणवाडीताईचे बाळंतपण कधी आहे, कोणाकडे सुगीला माणूस कमी पडते. दोन रविवार नाव गैरहजर पडले की तिसऱ्या रविवारी त्या पत्त्यावर पोस्टकार्ड जायचे. कार्डाला उत्तर आले नाही, की गुरुजी स्वतः जायचे. पंकज नावाचा कंडक्टर असाच परत आला होता. मालनबाई नावाच्या दाईला त्यांनी तिच्या चुलीपुढे बसून इतिहासाचे पाच धडे समजावून दिले होते.

आणि कार्ड ते मुद्दाम उघडे पाठवत. ही त्यांची शाळेतली सवय. पोर शाळेत आले नाही की बापाला उघडी चिठ्ठी पाठवायची. वाटेत चार जणांनी ती वाचावी, पारावर चार जणांनी बापाला टोकावे, “काय रे, पोरगी शाळेत का धाडत न्हाईस?” लाजेकाजेने का होईना, पोर दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन हजर. छत्तीस वर्षांत ही चिठ्ठी क्वचितच वाया गेली होती.

चांगुणा स्वतः त्या चिठ्ठ्यांवरच सातवीपर्यंत पोचली होती. दरवर्षी दसरा झाला की तिचे आईबाप तिला घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि दरवर्षी गुरुजी चिठ्ठ्या पाठवून तिला आजीजवळ ठेवायला भाग पाडायचे. पुढे तिचे लग्न झाले आणि गुरुजींची बदली झाली. मग गेल्या जूनमधल्या एका रविवारी, बाजाराची पिशवी हातात धरलेली एक बाई केंद्राच्या दारात घुटमळताना दिसली. “गुर्जी, मी चांगुणा. मला आता शिकता येईल का?” वय सत्तावीस, पदरात दोन लेकरे. कारखान्याच्या वस्तीवर एका संस्थेने साखरशाळा काढली होती, ऊसतोडीवाल्यांच्या मुलांसाठी. पण बाहेरची शिक्षिका पाचटात राहायला तयार होत नव्हती. संस्थेच्या बाई चांगुणाला म्हणाल्या होत्या, तू पूर्वतयारी पास हो, पुढच्या वर्षी ही शाळा तुझ्याकडे देते. गुरुजींना वाटले, आपण इतकी वर्षे वाट पाहत होतो ती हिचीच.

रंगुबाईने चहाचा पेला पुढे केला. गुरुजी बाजेवर बसले तशी लेकरे भोवती जमली. लेकरे दिसली की गुरुजींचा हात आपोआप काडी शोधायचा. त्यांनी उसाच्या वाढ्याची एक काडी घेऊन मातीत ‘ग’ काढला, त्याला चार पाय आणि शेपूट लावले. लेकरे खिदळली. सातेक वर्षांची एक मुलगी मात्र पुढे आली, काडी मागून घेतली आणि तिने ठळक अक्षरात लिहिले, ‘रुपाली छगन’.

“छान. कोणी शिकवलं?”

“आईनं.”

“आडनाव का नाही लिहिलंस?”

“त्येवढंच शिकवलं. आता न्हाई शिकवत ती.” मुलीने काडी परत दिली आणि ती कडेवरच्या भावाचे नाक पुसू लागली.

गुरुजींनी मान वर करून पाहिले. माळाच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती. दाराला कुलूप, भिंतीवर रंगवलेली बाराखडी. “ती साखरशाळा ना?” ते रंगुबाईला म्हणाले. “पुढच्या वर्षी तुमची चांगुणा तिथं शिकवील. सगळे तिला आत्तापासूनच मास्तरीणबाई म्हणतात, हे ऐकून बरं वाटलं बघा.”

रंगुबाई लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“गुर्जी, राग येऊ द्यायचा न्हाई,” ती म्हणाली. “त्ये आमी चेष्टंनं म्हंतो. कारड आल्यापून.”

“कुठलं कार्ड?”

“तुमीच धाडलं न्हवं का.”

मग रंगुबाईने सांगितले. वस्तीवर टपाल मुकादमाच्या हातात येते. टोळीत पत्र वाचता येणारा तो एकटा, म्हणजे सगळ्यांना तसेच वाटत होते. संध्याकाळी भाकरी झाल्या की तो शेकोटीपाशी बसून सगळ्यांची पत्रे मोठ्याने वाचतो, कुणाची म्हैस व्याली, कुणाचा बाप आजारी पडला. वाईट त्यात काही नसते, ती रीतच आहे. पौष महिन्यात एकदा तीन कार्डे एकदम आली, तिन्ही चांगुणाच्या नावाची. टोळीला वाटले, कुणी गेले की काय. बाया रडायच्या तयारीने पुढे सरकल्या आणि मुकादमाने वाचायला सुरुवात केली.

पुढचे रंगुबाईला तोंडपाठ होते, पण ते गुरुजींना ऐकायची गरज नव्हती. ते शब्द त्यांचेच होते. ‘चि. चांगुणा, अनेक आशीर्वाद. दिवाळीपासून तुझा एकही गृहपाठ आला नाही. खचू नकोस. हे एक वर्ष काढ. परीक्षा पास झालीस की साखरशाळेची बाई तूच, मग पुन्हा कोयता हातात धरावा लागणार नाही.’ तीन कार्डांत तेच, थोड्या फरकाने.

आणि मग त्यांना दसऱ्याआधीचा तो रविवार आठवला. टोळीबरोबर निघण्याआधी चांगुणा पुस्तके न्यायला आली होती. पिशवीत पुस्तके आणि वर मेथीची जुडी ठेवून ती जाता जाता दारात थांबली आणि हळूच म्हणाली, “गुर्जी, तिकडं पत्र नका टाकू. तिकडं पत्रं मुकादमाकडं येत्यात.” गुरुजींना वाटले होते, पत्र हाती पडत नाही, गहाळ होते, असे पोरीला म्हणायचे आहे. म्हणून तर त्यांनी एकाऐवजी तीन टाकली होती. एखादे तरी पोचावे म्हणून.

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यात अर्धा चहा तसाच होता. वहीतल्या तिच्या पानावर त्यांनी काय काय टिपून ठेवले होते. कारखान्याचे नाव, टोळी, मुलांची वये, कच्चा विषय गणित. कोणाला काय कळता कामा नये, हे लिहायला त्या पानावर जागाच ठेवली नव्हती. लहान मुलाकडे लपवायला काय असते? आणि मोठ्या माणसाजवळ लपवण्यासारखे काय असते, हे त्यांना कधी विचारावेसे वाटले नव्हते.

उन्हे कलली तशा फडाकडून बैलगाड्या आल्या. मागून बाया, डोक्यावर हिरव्या वाढ्यांचे भारे. त्यांतल्या एकीने गुरुजींना पाहिले आणि ती जागीच थांबली. तिच्या मागची बाई तिला धडकली, पुढे वाकून बघत म्हणाली, “अगं चल की मास्तरीण, तुजे साहेब आल्यात तपासनीला.” चार-पाच जणी हसल्या. चांगुणाने भारा उतरवला, तोंडावर पाणी मारले आणि पदर नीट करत ती पुढे आली. हातांवर उसाच्या पात्यांचे बारीक चरे होते.

“कशाला आलात गुर्जी एवढ्या लांब?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

गुरुजींनी घाईघाईने अर्ज काढला, वर पेन ठेवले. “सगळं भरलंय. फक्त सही कर. गृहपाठाचं मी सांगतो सरांना. महिनाभर उशीर चालवून घेतील. तू मागे पडलीस तरी काही हरकत नाही, मे महिन्यापर्यंत मी दर पंधरा दिवसांनी इथे येईन.”

“मागं न्हाई पडले.” तिने नवऱ्याकडे पाहिले. “अवो, द्या त्येंचं त्येंना.”

छगन बैल बांधत होता. पस्तिशीचा, हाडकुळा, खाली मान घालून बोलणारा माणूस. तो कोपीत गेला आणि खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेले एक गाठोडे घेऊन आला. ते त्याने चांगुणाच्या हातात दिले नाही, गुरुजींच्या मांडीवर ठेवले.

आत पुस्तके होती, एकाचेही पान मुडपलेले नाही. खाली गृहपाठाच्या वह्या. गुरुजींनी एकेक उघडली. मराठी पूर्ण. समाजशास्त्र पूर्ण. इतिहास पूर्ण. गणितातही शेवटची दोन उदाहरणे सोडली तर सगळे सोडवलेले. काही पानांवर धुराचे पिवळट डाग होते. पहाटे तीनला उठून, टोळी जागी व्हायच्या आत, चुलीच्या उजेडात लिहिले होते ते.

“गावाकडं जानारं भरवशाचं मानूस गावत न्हवतं,” चांगुणा म्हणाली. “म्हून धाडायचं ऱ्हायलं. संक्रांतीला ह्येंचा भाऊ येनार हुता, त्याच्या हाती धाडनार हुते. ह्येंना म्हाईत हुतं समदं. ह्येच म्हनाले हुते, निकाल लागस्तवर कुनाला कळू द्यायचं न्हाई.”

म्हणजे ती सुटत नव्हतीच. वर्गात हजर असलेल्या बारा जणांपेक्षा ही पोर पुढे होती. गुरुजींनी जिला बुडताना वाचवायला हात पुढे केला, ती पोहत होती.

“मग आता काय झालं? कळलं तर कळलं,” ते म्हणाले. “मी मुकादमाशी बोलतो.”

बोलायची गरज पडली नाही. मुकादम मच्छिंद्र गर्दीतून पुढे आलाच. पांढरे कपडे, बोलणे आदबीचे. त्याने गुरुजींना हात जोडले, त्यांच्यासाठी दुधाचा चहा सांगितला. “गुर्जी, मी काय वंगाळ केलं का? कारड आलं, वाचलं. पन माजी बी अडचन समजून घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. ही पुढल्या साली सावलीत बसनार, मंग मी अर्धा कोयता घिऊन कारखान्याला काय सांगू? मी छगनला येवडंच म्हनलं, मोडनारा कोयता मला आत्ताच नको. दुसरी टोळी बघ.”

“भर हंगामात कोन घेतंय दुसऱ्या टोळीत,” छगन जमिनीकडे पाहत पुटपुटला.

“आनि बाया बी बोलल्या,” मच्छिंद्र म्हणाला. “आमी उसात मरायचं आन हिनं खुर्चीवं बसून आमच्याच लेकरास्नी छड्या मारायच्या? तोडायला हिच्या जोडीला कुनी उभी ऱ्हाईना. मंग छगननंच मिटवलं.”

“कसं मिटवलं?”

छगनने तोंड बैलांकडे फिरवले. चांगुणाच म्हणाली, “भंडारा उचलला मी.”

त्या रात्री शेकोटीपाशी दिवा लावला होता. छगनने खंडोबाच्या डबीतली हळद पितळीत काढली होती. बारा कोयत्यांसमोर, म्हणजे बारा जोडप्यांसमोर, तिने ती मुठीत घेऊन कपाळाला लावली होती आणि म्हटले होते, जंवर ह्येंच्या हातात कोयता, तंवर माज्या हातात कोयता. कागद, पेन, पुस्तक हाती धरनार न्हाई.

गुरुजींनी आयुष्यात देवाधर्माच्या शपथा मानल्या नव्हत्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या मागोमाग बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा घरातले देव आपल्या हातांनी नदीत सोडले होते, आणि वीस वर्षांचा रंभाजी तेव्हा काठावर उभा होता. ते थोडे चिडूनच म्हणाले, “चांगुणा, भंडारा म्हणजे हळद असते गं. मी तुला चौथीत शिकवलंय.”

“मला बी म्हाईत हाय हळद हाय ती,” ती शांतपणे म्हणाली. “पर बारा कोयत्यांसमोर उचलली ना मी. देव न्हाई इचारनार गुर्जी. ही मानसं इचारतील. लेकरू आजारी पडलं तर ह्यांच्याच दारात जायचंय मला. गाडी उलटली तर हीच मानसं धावनार. तुमी संध्याकाळच्या गाडीनं परत जाल.”

तरी जुन्या सवयीने गुरुजी प्रयत्न करत राहिले. सगळ्या बायांना एकत्र बसवून सांगू का? संस्थेच्या बाईंना बोलावू का? परीक्षा पुढच्या वर्षी दे, नाव मी चालू ठेवतो. ती ऐकत होती आणि प्रत्येक वेळी हलकेच मान हलवत होती. शाळेत गणित चुकलेल्या पोराला गुरुजी स्वतः जशी मान हलवून दाखवत, अगदी तशी.

“मी चुकलो गं,” शेवटी ते म्हणाले. “तू सांगितलं होतंस मला.”

“तुमी चांगल्याकरताच केलं. ल्हानपनी तुमच्या चिठ्ठीनंच माजी शाळा टिकली.” तिने हातावरचा एक चरा पदराने पुसला. “तवा मला शाळेत धाडायचं का न्हाई, ते बापाच्या हातात हुतं. आता मी कुनाला भ्यायचं, ते मला म्हाईत हाय. तुमी इचारायला पायजे हुतं.”

तेवढ्यात माळाच्या टोकाला रॉकेलचा टँकर येऊन उभा राहिला आणि सगळी वस्ती डबे घेऊन धावली. कारखान्याचा माणूस टेबलावर रजिस्टर आणि निळ्या शाईचे पॅड मांडून बसला. चांगुणाही डबा घेऊन रांगेत गेली. गुरुजी गाठोडे पोटाशी धरून तिथेच, टेबलापासून दहा पावलांवर उभे होते. कोपरगावकडे जाणारा टेम्पो टँकरमागेच थांबला होता.

तिचा नंबर आला. रजिस्टरवरचा माणूस दरवर्षी वस्तीवर येणारा असावा. त्याने सवयीने पेन तिच्यापुढे धरले. “सही करा, बाई. तुमी एकट्याच तर सहीवाल्या.”

रांगेतली कुजबुज थांबली. बायांची तोंडे तिकडे वळली. कोणी हसले नाही, कोणी टोमणा मारला नाही. चांगुणाने पेनाकडे पाहिले. मग डाव्या हाताचा अंगठा पॅडवर टेकवला आणि आपल्या नावापुढच्या रकान्यात, जिथे वरच्या दोन महिन्यांच्या ओळींत तिची वळणदार सही होती, तिच्या खाली दाबून धरला. चांगला दाबला. माणसाने पाहिले, टीपकागदाने टिपून घेतले आणि डब्यात रॉकेल ओतले.

जन्मभर गुरुजींनी लोकांचे अंगठे कागदावरून उठवले होते. म्हाताऱ्याकोताऱ्यांना दिव्याखाली बसवून सही शिकवली होती. सही करणारा माणूस पुन्हा अंगठा देताना त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला.

टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला. चांगुणा डबा खाली ठेवून पुढे आली आणि गुरुजी नको नको म्हणत असतानाच वाकली. पाया पडलेले गुरुजींना चालत नसे, वर्गात ते मुलांना सरळ उभे राहून नमस्कार करायला लावत. पण आज ते मागे सरकले नाहीत. ती उठली, डबा उचलला, रुपालीला हाक मारली आणि निळ्या प्लास्टिकच्या कोपीकडे निघून गेली. चालताना तिने मागे पाहिले नाही.

पुढचे दोन रविवार गुरुजी केंद्रावर गेले. पहिल्या रविवारी केंद्रप्रमुख सरांनी चांगुणाच्या अर्जाचे विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, की तिचे नाव या वर्षी धरू नका. दुसऱ्या रविवारी त्यांनी वही काढली. सात नावे गैरहजर होती. टपालकचेरीतून त्यांनी चिकटवायची अंतर्देशीय पत्रे आणली होती. पहिले उघडून त्यांनी वर नाव लिहिले, खाली ‘अनेक आशीर्वाद’ लिहिले आणि मग बराच वेळ पेन तसेच धरून बसले. हे पत्र त्या माणसाच्या हातात आधी कोण देणार आहे, हे त्यांना माहीत नव्हते. कोणाच्याच बाबतीत माहीत नव्हते. वर्ग सुटला, शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा दोन ओळींचे ते पत्र आणि सहा कोरी पत्रे पिशवीत परत गेली.

घरी त्यांच्या पत्नी भागिरथीबाई न्हाणीत कपडे धूत होत्या. गुरुजींचे पांढरे धोतर त्यांनी पिळून पुन्हा उलगडले, काठापाशी साबण लावून घासले, पाण्यात बुडवले, परत उजेडात धरले.

“अहो, हा कसला डाग? कोपरगावाहून आल्यापासून तिसऱ्यांदा धुतीय. निळा. पावलापाशी.”

गुरुजी दारात येऊन उभे राहिले. काठावर, पाऊल जिथे येते तिथे, अंगठ्याएवढा ठसा होता. बराच फिकट झाला होता, पण वळ्या अजून मोजता येत होत्या.

“राहू दे,” ते म्हणाले.

“अहो, आणखी एकदा घासलं तर जाईल.”

“घासू नकोस,” गुरुजी म्हणाले आणि त्यांच्या हातातून ते ओले धोतर घेऊन स्वतःच दोरीवर वाळत घालायला गेले.